नराची मोरी

वडिलांशी भांडण्यात मी जेवढा वेळ घालवला, तेवढा अभ्यासात घातला असता तर गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या नसत्या. भांडणाला विषय एकच, मोरी. ज्यांना मालवणकडची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, पुस्तकात ज्याला शार्क म्हणतात ती आमची मोरी. पुस्तकात तो शार्क जहाजाशेजारी दबा धरून बसतो आणि पाण्यात पडलेल्या खलाशाचा पाय तोडतो. आमच्याकडे ती तिखल्यात, म्हणजे झणझणीत कालवणात, पडते. लग्नाआधी दोन वर्षं मी शाळेत शिकवत होते. पुस्तकातला हा शार्कचा धडा घेतला तेव्हा सगळा वर्ग हसत सुटला, कारण निम्म्या पोरांनी सकाळी पेजेबरोबर सुकी मोरी खाल्ली होती. मी चिडून घरी आले आणि बाबांना धडा वाचून दाखवला. ते जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, लिहिणाऱ्याने उलटं लिहिलंय, कोण कोणाला खातो ते त्याने नीट बघितलेलं नाही.

आमचं घर देवबागला. पुढच्या दारी शिंकलं तर समुद्राला ऐकू जाईल आणि मागच्या दारी शिंकलं तर खाडीला, एवढीच काय ती जमीन. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. पाणी बघून जाळं कुठे टाकायचं ते सांगणार ते, आणि बाकीचे सहा जण त्यांच्या शब्दावर वल्ही मारणार. माणूस शहाणा होता. मोरी मारायचा, खायचा, खारवून वाळवायचा, तिच्या काळजाचं तेल काढून होडीला चोपडायचा. त्यात काही दयामाया नव्हती. फक्त गाभण मोरी म्हटली की त्यांचं गाडं अडायचं.

आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ मोऱ्या अंडी घालत नाहीत. बाईसारखी पोटात पिल्लं वाढवतात, पिल्लाला नाळ असते, आणि शिमगा झाला की खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात येऊन वितात. बाबांचं म्हणणं, ही त्यांची माहेरपणाची जागा. पहिलटकरीण जशी माहेरी येते तशी ती येते, आणि आलेल्या लेकीला मारायचं नाही. असली मोरी गळाला लागली की ते दोर कापायचे, जाळ्यात आली की जाळं उचलून धरायचे. वाडीत सगळे हसायचे. कासव सगळेच सोडतात, कारण कासव म्हणजे देव. त्याला हात जोडून पाण्यात लोटलं की पुण्य तरी पदरी पडतं. मोरी सोडून काय पडणार?

मला ते सगळं समजत नव्हतं असं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा ओहोटीला त्यांनी मला खाडीच्या तोंडाशी नेलं होतं. गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू. हलू नको म्हणाले. मी उभी राहिले, आणि थोड्या वेळाने हातभर लांबीची मोरीची पिल्लं माझ्या पायांमधून जायला लागली. वाळूच्याच रंगाची, परांच्या टोकाला तेवढा काळा ठिपका. किती सहज वळत होती ती. एकीने माझ्या घोट्याला तोंड लावून पाहिलं, मी खायच्या लायकीची नाही असं ठरवलं आणि निघून गेली. मला इतका आनंद झाला होता की घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट. पण लहानपणी पिल्लं बघणं वेगळं आणि बाळंतीण होऊन माहेरी उपाशी पोर घेऊन बसणं वेगळं.

माझं लग्न सावंतवाडीकडच्या एका कारकुनाशी झालं. पहिल्या बाळंतपणाला मी रीतीप्रमाणे देवबागला आले. शिमगा नुकताच झाला होता. मुलगी झाली, बाळंतपण सुखरूप झालं, आणि मग दूधच येईना. पहिले दोन दिवस सुईण म्हणाली, येईल. चौथ्या दिवशी म्हणाली, यायला हवं होतं. मुलगी छातीशी लागायची, ओढायची, थकायची आणि रडायची. रडून रडून तिचा आवाज बसला. शेजारच्या शेळीचं दूध पाणी घालून पाजलं, तर पोट बिघडलं. आळीव झाले, लसूण झाला, शेपू झाला. सहाव्या दिवशी तिच्या मांड्यांची कातडी सैल लागायला लागली आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे दुधाला औषध एकच, मोरी. बाळंतिणीला मोरीचं सार द्यायचं, कमी तिखटाचं, मिरी घालून. आणि त्यातही पोटातल्या पिल्लांचं सार म्हणजे रामबाण. आईने बाबांना सकाळी सांगितलं की आज मोरी आणा, कसलीही आणा. बाबा मान हलवून गेले.

दुपारी रिकाम्या हाताने आले. अंगणात हातपाय धुतले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, मिळाली होती, गुरवार होती, सोडली. गुरवार म्हणजे गाभण. हे त्यांनी असं सांगितलं जसं काही मीठ संपलंय म्हणून सांगावं.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. नायलॉनची जाळी तेव्हा नुकती आली होती. सुताची जाळी होती तोवर बाबांचं तत्त्व स्वस्तात चालायचं, मोठी मोरी आपणच जाळं फाडून जायची. नायलॉन तुटत नाही. तर त्या दिवशी मोरी आली ती नव्या कोऱ्या जाळ्यात गुंडाळून, आणि पोट हे एवढं. होडीवरच्या सहाही जणांनी सांगितलं, तांडेल, लेकीचा विचार करा. बाबांनी कोयता काढला आणि जाळं कापलं. नवं जाळं! हे मला त्यांनी सांगितलं नाही. होडीवरचा एक जण अंगणात येऊन पोट धरून हसत सांगत होता आणि मी आत खोलीत ऐकत होते.

बाळंतिणीने खोलीबाहेर पाय टाकायचा नसतो. मी उंबरठ्यापर्यंत आले. बाबा पडवीत बसले होते. मी विचारलं की तुम्हाला नात हवी आहे की नको. मी वाट्टेल ते बोलले. आई मला ओढत होती आणि स्वतःही त्यांनाच बोलत होती. शेवटी ते म्हणाले,

"माहेराक इलेल्या चेडवाक कोण मारता काय?"

"आणि मी खंय इलंय, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उद्या नराची आणतो, एवढं पुटपुटले आणि उठून गेले. नर ओळखायला सोपा, पोटाखाली दोन दांडे लोंबतात. पण त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी नर कुठून असणार? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काम काय? तिसऱ्या दिवशी ते टोपलीभर बांगडे घेऊन आले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग आतेने सूत्रं हाती घेतली. आते म्हणजे बाबांची मोठी बहीण, विधवा, मालवणच्या बाजारात मासे विकायची. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरत. ती माझ्या खोलीत आली, मुलीला हातात घेऊन वजन पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाशीचा डोक्या फिरला." एवढंच. दुसऱ्या सकाळी उन्हं वर यायच्या आत ती दुसऱ्या होडीकडून केळीच्या पानात गुंडाळून चार पिल्लं घेऊन आली. आईने मोठी मोरी किती वेळा सोलली असेल. गरम पाणी ओतायचं आणि कातडी खरवडत बसायचं. या पिल्लांची कातडी नुसत्या बोटाने निघत होती. पोटाखाली नाळेची खूण ओली होती. मी बघितलं, आणि तरी सगळं सार प्यायले. काट्यांसकट खाल्लं, कारण काटे म्हणण्यासारखे काटे नव्हतेच. चवही चांगली लागली, तेही कबूल करते.

बाबा त्या दिवशी लवकर आले. दारातच वास आला. कुठून आणली म्हणून विचारलं. आते खोटं बोलत नसे, तिला तशी गरजच पडत नसे. ती माझ्याकडे बघायला लागली. तिने नुसतं खरं सांगितलं असतं तर दोघा भावंडांनी जन्मभर एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. मी आतून ओरडले की नराची आहे, आतेने बाजारातून आणली.

बाबांचा चेहरा असा उजळला की मला राग आला. म्हणाले, बघू जरा, चव घेतो. चव घेतली असती तर पहिल्या घासाला कळलं असतं. मी म्हटलं, बाळंतिणीचं उष्टं आहे. मग ते मागे सरले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं दूध उतरलं, आणि मुलगी दूध पिऊन झोपली ती चार तास उठलीच नाही. आई रडली, मी रडले. बाबा अंगणातून होडीकडे गेले ते जवळजवळ पळतच.

पुढे जे झालं त्याला कपाळावर हात मारण्यापलीकडे इलाज नव्हता. बाबांनी ही गोष्ट सगळ्या वाडीत सांगितली. जाळी शिवायला लोक मांगरात, किनाऱ्यावरच्या खोपीत, जमत, तिथे सांगितली, देवळात सांगितली, तारकर्लीपर्यंत चालत जाऊन सांगितली. माझ्या लेकीला नराची मोरी दिली, एका दिवसात दूध आलं, मग गाभण मारायची कशाला? इतकी वर्षं लोक हसत होते ते यासाठीच, की बायकांना पिल्लांची मोरी लागते आणि हा सोडतो. आता बायकांचंच कारण निकालात निघालं. सुईणीने तर हद्द केली. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या घरी सांगत होती म्हणे, मोरी द्यायची तर नराचीच, नराची उष्ण असते, मादीची थंड, तिची आजीसुद्धा हेच सांगायची. तिची आजी! चार वर्षांत तो जुना रिवाज होऊन बसला. जी गोष्ट बाबांना विनवण्या करून जमली नव्हती ती माझ्या एका थापेने करून दाखवली. सगळेच सुधारले असं नाही, पण चार-पाच होड्या शिमग्यानंतर भरल्या पोटाची मोरी सोडायला लागल्या. माहेरी गेले की लोक मला दाखवायचे, हीच ती. आते मान खाली घालून मासे कापत राहायची. माझ्या मुलीला कोणी उचलून घेतलं की मी तिला काढून घ्यायची.

मुलगी चार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात बाबांच्याच होडीवर जाणाऱ्या माझ्या भावाची बायको बाळंत झाली. तिचं दुसरं बाळंतपण, म्हणून आमच्याच घरी. मी मदतीला गेले होते. मुलगा झाला आणि पुन्हा तेच. पहिल्या खेपेला तिला दूध भरपूर होतं, या खेपेला पाच दिवस झाले तरी थेंब थेंब. तेच रडणं, तोच बसलेला आवाज. मला ते ऐकवेना. मी विहिरीवर जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायची.

सहाव्या दिवशी सकाळी भाऊ धावत आला. खाडीच्या तोंडाशी जाळ्यात मोरी होती, जिवंत, पोट भरलेलं. बाबा सोडायला निघाले होते आणि भावाने त्यांचा हात धरून ठेवायला होडीवरच्या दोघांना सांगितलं होतं. स्वतःच्या बापाचा हात! तो दारात धापा टाकत उभा राहिला आणि बायकोला म्हणाला की तू सांग, तुझं पोर आहे. वहिनी किनाऱ्याच्या वरच्या अंगाकडच्या गावची. तिच्या माहेरी अजून पिल्लांचंच सार देत. तिने मला जवळ बोलावलं. मुलगा तिच्या मांडीवर तोंड उघडून पडला होता, रडणंही थांबवून.

"खरा सांगा, वन्सं," ती म्हणाली. "तुमका दिलली ती नराची होती मा?"

आई चुलीपाशी होती. आते दाराला टेकून. आतेने या वेळीही माझ्याकडेच पाहिलं, पण काही खुणावलं नाही. मला सगळं दिसत होतं. खरं सांगितलं तर दहा मिनिटांत ती मोरी वाळूवर फाडलेली असेल, बाबा होडीपाशी उभे असतील आणि त्यांना कळेल की गेली चार वर्षं ते गावभर माझं खोटं सांगत फिरले. खोटं सांगितलं आणि दूध आलं नाही, तर हे पोर माझ्या शब्दावर उपाशी राहिलं. मला त्या क्षणी बाबांचा, भावाचा, त्या मूर्ख मोरीचा, सगळ्यांचा इतका संताप आला की वाटलं ताडकन उठून सावंतवाडीची वाट धरावी.

"होय," मी म्हटलं. "नराचीच होती."

भाऊ गेला. मोरी सुटली. बाबा दुपारी जेवायला आले तेव्हा त्यांच्या मनगटावर वळ होते, आणि ते भावाशी बोलले नाहीत, माझ्याशी मात्र दोन शब्द जास्त बोलले. होडी नराच्या मोरीसाठी बाहेर खोल पाण्यात गेली. त्या दिवशी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कापसाच्या बोळ्याने त्या मुलाला साखरपाणी पाजत बसले आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर ठरवत होते की आता सांगते, संध्याकाळी सांगते, उद्या सकाळी नक्की सांगते. देवाला नारळ बोलले. कुठल्या देवाला, तेही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने मला हाक मारली. तिचं पोलकं ओलं झालं होतं. मुलगा गटागटा पीत होता, ठसकत होता, पुन्हा लागत होता. दूध उतरलं होतं. मोरी अजून घरात यायचीच होती. ती आली दुपारी.

सुईण म्हणाली, बघितलं, नराचं नाव काढलं तरी पुरतं. बाबांना ते पटलं. आईलाही पटलं. भाऊ खाली मान घालून बाबांच्या पाया पडला. घरात आनंदीआनंद झाला आणि मी मागच्या दारी जाऊन खाडीकडे तोंड करून बसले. म्हणजे दूध यायचं तेव्हा आपणच येतं. नराच्या मोरीने नाही, मादीच्या नाही, पिल्लांच्या तर नाहीच नाही. आठ दिवस माझ्या पोरीला ओढू दिलं होतं, आणखी एक दिवस ओढू दिलं असतं तरी ते आलं असतं. बाबांवर चिडायला मला आता काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, सुटायला जड गेलं.

जेवायची पानं घेतली. आणलेली मोरी आईने तिखलं करून सगळ्यांना वाढली. मी म्हटलं, मला भूक नाही. बाबांनी स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा उचलून माझ्या पानात घातला.

"खा गो बाय," ते म्हणाले. "नराची आसा."

मी खाल्ली. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. तुकडा चांगला राठ होता, चावायला वेळ लागत होता. ती चार पिल्लं जिभेवर विरघळली होती, आणि ती मी उगाच खाल्ली होती.